नाव लिक्विड, बाटलीत मेण: आयनिक लिक्विड आणि सरफॅक्टंट एकत्र मोजायला बसणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा मला वाटलं, चुकीचं केमिकल आलंय. लेबलवर आयनिक लिक्विड आणि आत पांढरट, मेणासारखा गोळा. ते होतं सी-१२-मिम ब्रोमाइड, म्हणजे १-डोडेसिल-३-मिथाइलइमिडाझोलियम ब्रोमाइड, आणि खोलीच्या तापमानाला ते असंच दिसतं. १०० अंश सेल्सिअसच्या खाली वितळणाऱ्या मिठाला आयनिक लिक्विड म्हणतात. खोलीत ते द्रवच असावं अशी अट नाही. आपल्या कामाला त्याने फरकही पडत नाही. पाण्यात विरघळलं की ते लिक्विड उरतच नाही. धन आणि ऋण आयन सुटे होतात, आणि पुढचं सगळं त्या आयनांच्या शेपटीवर (कार्बनची साखळी), डोक्यावर (चार्ज असलेला भाग) आणि शेजारी कोण आहे यावर ठरतं.

हा शेजारी म्हणजे सरफॅक्टंट, पाण्याला आवडणारं डोकं आणि नकोशी शेपटी असलेला साबणासारखा रेणू. तो घातल्यावर आयनिक लिक्विडचे आयन पाण्यात एकत्र कसे येतात, लवकर येतात की उशिरा, गोळे होतात की पोकळ पिशव्या, हे मोजायचं काम तुमच्याकडे आलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी. कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मीटर कसा चालू करायचा ते मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअलमध्ये नसलेलं, मी चुकत चुकत शिकलेलं इथे लिहितोय.

१. तुमचं आयनिक लिक्विड कोणत्या घरचं, ते आधी ओळखा

आयनिक लिक्विड हे एकच कुळ समजून कामाला लागणं ही पहिली चूक. पाण्यात त्यांची दोन घरं पडतात.

शेपटी आखूड असेल, म्हणजे इथाइल किंवा ब्युटाइल, तर ते जवळपास मिठासारखं वागतं. थोडं घातलं तर मीठ, भरपूर घातलं तर दुसरं सॉल्व्हंट. शेपटी आठ कार्बनांची किंवा लांब असेल तर ते स्वतःच सरफॅक्टंट असतं आणि एका ठरावीक संहतीनंतर मायसेल, म्हणजे शेपट्या आत आणि डोकी बाहेर असे रेणूंचे झुबके, बनवतं. ही संहती म्हणजे सीएमसी. सहा कार्बनवाले उंबरठ्यावर असतात. त्यांच्या आलेखात वळण दिसल्यासारखं वाटतं, पण ते मायसेलचं की आणखी कशाचं यावर तासन्‌तास वाद घालता येतो. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इमिडाझोलियम क्लोराइडांचे २५ अंशांच्या आसपासचे ढोबळ आकडे डोक्यात ठेवा. आठ कार्बनला सीएमसी साधारण २२० मिलीमोलर, दहाला ५५, बाराला १४ च्या आसपास, चौदाला साडेतीन, सोळाला एक मिलीमोलरच्या थोडी खाली. दोन कार्बन वाढले की सीएमसी सुमारे चौपट घटते. तुमच्या बारा कार्बनवाल्याचा आकडा ४० मिलीमोलर आला तर नवा शोध लागलेला नाही, वजन चुकलंय.

ऋण आयनही बदल करतो. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड आला की सीएमसी खाली येते, कारण ब्रोमाइड मायसेलच्या पृष्ठभागाला जास्त चिकटतो. सी-१२-मिम ब्रोमाइडची सीएमसी १० मिलीमोलरच्या जवळ असते. कधी कधी शेपटी ऋण आयनावरच असते, उदाहरणार्थ ऑक्टिल सल्फेट. तेव्हा इमिडाझोलियमची शेपटी आखूड असली तरी मायसेल बनतात. म्हणून नावाचा पहिला अर्धा भाग वाचून थांबू नका.

२. सरफॅक्टंटचा चार्ज बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे

लांब शेपटीचं इमिडाझोलियम धन आहे असं धरून पुढे जाऊ.

सरफॅक्टंटही धन असेल, जसं सीटॅब किंवा डीटॅब, तर दोघांची डोकी एकमेकांना ढकलतात. मायसेल एकत्र बनतात, पण त्यात उत्साह नसतो. सीएमसी बहुधा दोघांच्या आकड्यांच्या मध्ये येते आणि साध्या सूत्राने काढलेल्या किमतीपासून फार लांब जात नाही.

नॉनआयनिक असेल, जसं ट्रायटन एक्स-१००, ब्रिज किंवा ट्वीन, तर त्याची चार्ज नसलेली डोकी इमिडाझोलियमांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. आपसातलं ढकलणं कमी होतं आणि मिश्र मायसेल आनंदाने बनतात.

खरी गंमत ऋण सरफॅक्टंटमध्ये आहे, म्हणजे एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) आणि मंडळी. इथे डोकी एकमेकांना ओढतात. सोडियम आणि ब्रोमाइड पाण्यात मोकळे होतात आणि दोन शेपट्यांची जोडी तयार होते. सीएमसी इतकी कोसळते की दोघांपैकी कुणाच्याही आकड्याशी तिचं नातं लागत नाही. आकारही बदलतो. तो का बदलतो हे एकदा हाताने गणित करून पाहा, त्यानंतर पाठ करावं लागत नाही.

बारा कार्बनच्या शेपटीची पूर्ण ताणलेली लांबी १.६७ नॅनोमीटर आणि घनफळ सुमारे ०.३५ घन नॅनोमीटर. डोकं पृष्ठभागावर समजा ०.६ चौरस नॅनोमीटर जागा अडवतं. घनफळाला जागा आणि लांबी यांच्या गुणाकाराने भागलं की ०.३५ येतं. इस्राएलाचविली, मिचेल आणि निनहॅम यांनी १९७६ मध्ये मांडलेला पॅकिंग पॅरामीटर तो हाच. एक तृतीयांशापर्यंत गोल मायसेल, तिथून अर्ध्यापर्यंत लांबट, आणि अर्ध्याच्या वर एकपर्यंत दुपदरी थर किंवा व्हेसिकल, म्हणजे पोकळ पिशव्या. एकटं सी-१२-मिम गोलाच्या सीमेवर बसतं. आता शेजारी एसडीएस आणा. शेपट्यांचं घनफळ दुप्पट, ०.७०. पण दोन डोकी एकमेकांना ओढत असल्याने जागा दुप्पट होत नाही. दोघांची मिळून समजा ०.७५ धरली तर उत्तर ०.५६ येतं. गोल मायसेलची हद्द संपली, पिशव्यांची सुरू झाली. पारदर्शक द्रावणाला अचानक निळसर झाक येते ती यामुळेच.

आखूड शेपटीच्या आयनिक लिक्विडबद्दल एवढंच: ते एसडीएसमध्ये थोडं घातलं तर सीएमसी खाली येते, कारण इमिडाझोलियम डोक्यांमधलं ढकलणं झाकून टाकतो. घालत राहिलात तर पाण्याचा स्वभावच बदलतो, शेपट्यांना पाण्यात राहणं पूर्वीइतकं नकोसं वाटत नाही आणि सीएमसी पुन्हा वर जाते. आधी खाली, मग वर असा आलेख आला म्हणून घाबरू नका.

३. प्रश्न एका ओळीत लिहा

ही पायरी मी गाळली आणि माझे तीन आठवडे पाण्यात गेले. प्रयोग दोन प्रकारचे असतात, वरून सारखेच दिसतात.

पहिला प्रकार: दोघांचं प्रमाण कायम. आयनिक लिक्विड आणि सरफॅक्टंट ३:७ अशा मोल प्रमाणात घेऊन एकच मिश्र स्टॉक (तीव्र द्रावण) बनवायचा आणि तो पाण्यात थोडा थोडा सोडत जायचा. एकूण संहती बदलते, प्रमाण नाही. मिश्र मायसेलची सूत्रं यासाठीच आहेत.

दुसरा प्रकार: सरफॅक्टंटची संहती कायम. २ मिलीमोलर सरफॅक्टंटच्या द्रावणात आयनिक लिक्विडचा स्टॉक सोडत जायचा. इथे दर थेंबाला प्रमाण बदलतं. शिवाय स्टॉकमध्येही २ मिलीमोलर सरफॅक्टंट नसेल, तर पात्रातला सरफॅक्टंट विरळ होत जातो आणि 'कायम' काहीच उरत नाही.

मी दुसऱ्या प्रकारचे आकडे पहिल्या प्रकारच्या सूत्रांत भरत बसलो होतो. उत्तरं येत होती, म्हणून संशयही आला नाही. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: प्रमाण कायम की पार्श्वभूमी कायम.

४. जमवाजमव

- चौथ्या दशांश स्थळापर्यंत वजन दाखवणारा काटा
- १८.२ मेगाओहम-सेंटीमीटरचं पाणी. नसेल तर दोनदा ऊर्ध्वपातित, पण त्याची कंडक्टिव्हिटी रोज मोजून
- पाणी फिरवणारा थर्मोस्टॅट, ०.१ अंशापर्यंत स्थिर, आणि दुहेरी भिंतीचं काचपात्र
- कंडक्टिव्हिटी मीटर आणि ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड. २५ अंशांना याचं रीडिंग १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर यायला हवं
- पृष्ठताण मोजणारा टेन्सिओमीटर, प्लॅटिनमची प्लेट किंवा रिंग, आणि ती तापवायला ज्योत
- मायक्रोपिपेट, फेसाळ द्रावण ओढताना हळू ओढायची सवयही
- व्हॅक्यूम ओव्हन, आणि ओलावा मोजायला कार्ल फिशर
- केमिकलच्या बॅचचं शुद्धता प्रमाणपत्र आणि सेफ्टी डेटा शीट, दोन्ही छापून वहीत चिकटवलेली

५. वाळवा, आणि शुद्धतेवर विश्वास ठेवू नका

हॅलाइड आयनिक लिक्विड हवेतला ओलावा अधाशासारखं ओढतात. बाटली उघडी ठेवून चहाला जाऊन आलात तर वजन वाढलेलं असेल. पाच टक्के पाणी असलेल्या नमुन्यातून बनवलेला १०० मिलीमोलरचा स्टॉक प्रत्यक्षात ९५ चा असतो, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात शिरते. ६० ते ७० अंशांना व्हॅक्यूममध्ये दिवसभर तरी ठेवा आणि वजन घाईने करा.

टेट्राफ्लुओरोबोरेट आणि हेक्साफ्लुओरोफॉस्फेटवाली आयनिक लिक्विड पाण्याबरोबर, विशेषतः तापवल्यावर किंवा आम्ल असल्यास, हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडू शकतात. ते काच खातं आणि त्वचेतून आत जातं. ही द्रावणं जुनी करून वापरायची नाहीत, तापवायची तर मुळीच नाहीत. पर्याय असेल तर सुरुवात क्लोराइड किंवा ब्रोमाइडने करा.

एसडीएसची गोष्ट वेगळी. त्यात डोडेकॅनॉल असतो आणि द्रावण ठेवून दिलं की जलविघटनाने आणखी तयार होतो. कंडक्टिव्हिटीला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. पृष्ठताणाला मात्र लागतो: आलेख सीएमसीपाशी सपाट व्हायच्या ऐवजी आधी खड्ड्यात उतरतो आणि मग वर येतो. तो खड्डा दिसला की निष्कर्ष लिहायला बसू नका. एसडीएस इथेनॉलमधून पुन्हा स्फटिकवा आणि द्रावण त्याच दिवशी वापरा.

आणखी एक सापळा, यात मी स्वतः पडलो आहे. पोटॅशियम क्लोराइडने मीटर कॅलिब्रेट केला, सेल (मीटरचा द्रावणात बुडवायचा भाग) जेमतेम विसळला आणि थेट एसडीएसच्या द्रावणात बुडवला. पांढरे धागे तरंगायला लागले. पोटॅशियम डोडेसिल सल्फेट खोलीच्या तापमानाला पाण्यात नीट विरघळत नाही. अर्धा दिवस मी 'आयनिक लिक्विडमुळे अवक्षेप' अशी नोंद करून खूश होतो, आणि पात्रात आयनिक लिक्विड अजून पडलंच नव्हतं!

६. स्टॉक बनवणं

स्टॉक अपेक्षित सीएमसीच्या दहा पट तरी तीव्र हवा, म्हणजे थोड्या आकारमानात पुढे जाता येतं. सी-१२-मिम ब्रोमाइडचा मोलार भार ३३१.३ ग्रॅम. २५ मिलीलिटर, १०० मिलीमोलरसाठी ०.८२८ ग्रॅम. हलवा, पण घुसळू नका; फेस झाला की खुणेपर्यंत पाणी भरणं हा अंदाजपंचे कारभार होतो.

सोडलेल्या आकारमानाची दुरुस्ती करायला विसरू नका. २० मिलीलिटर पाण्यात १०० मिलीमोलरचा २ मिलीलिटर स्टॉक गेला की संहती १० नाही, ९.०९ असते. भागायचं २२ ने, २० ने नाही. शीट बनवतानाच हे सूत्र टाकून ठेवा.

सीटॅब वापरणार असाल तर तापमान जपा. त्याचं क्राफ्ट तापमान २५ अंशांच्या आसपास असतं. त्याखाली ते मायसेल न बनवता स्फटिक होऊन बसतं. संध्याकाळी स्वच्छ ठेवलेली बाटली थंड सकाळी सुयांनी भरलेली दिसते. कोमट पाण्यात धरा, विरघळतं. मोजमाप मात्र ३० अंशांना घ्या.

७. कंडक्टिव्हिटी: इथून सुरुवात करा

पद्धत साधी. पाण्याचं रीडिंग घ्या, स्टॉकचे ठरावीक डोस घाला, ढवळा, ढवळणं थांबवा, रीडिंग स्थिर झालं की लिहा. सीएमसीच्या अलीकडे रेषा चढी असते. पलीकडे चढ मंदावतो, कारण नवे आयन मायसेलमध्ये जातात आणि बरेचसे ब्रोमाइड मायसेलला चिकटून बसतात. दोन रेषा जिथे छेदतात ती सीएमसी. दुसऱ्या रेषेचा चढ भागिले पहिल्या रेषेचा चढ म्हणजे किती टक्के ब्रोमाइड मोकळे राहिले त्याचा अंदाज.

तापमान एक अंशाने सरकलं तर कंडक्टिव्हिटी सुमारे दोन टक्क्यांनी सरकते. थर्मोस्टॅटचं पाणी फिरत नसेल तर तुम्ही सीएमसी नाही, खोलीचं हवामान मोजताय. मीटरमधलं आपोआप तापमान दुरुस्त करणारं बटणही बंद ठेवा. ते साध्या मिठासाठी बनवलंय.

बारा किंवा जास्त कार्बनला वळण स्पष्ट असतं. आठ कार्बनला ते इतकं सावकाश येतं की पट्टी कुठे ठेवाल तिथे सीएमसी मिळते. अशा वेळी डोळ्याने रेषा ओढू नका. सगळ्या बिंदूंतून एकच सिग्मॉइडवर आधारलेला वक्र बसवायची पद्धत वापरा, म्हणजे आकडा तुमच्या मनःस्थितीवर अवलंबून राहत नाही.

दोन ठिकाणी कंडक्टिव्हिटी दगा देते. मिश्रणात नॉनआयनिक जास्त असेल तर वळण जवळजवळ पुसलं जातं. आणि एसडीएसबरोबर सोडियम ब्रोमाइड मोकळं सुटलेलं असतं. करंट मुख्यतः तेच वाहतं आणि मायसेलची गोष्ट त्याच्या आवाजात बुडते. दोन्ही ठिकाणी पृष्ठताणाकडे वळा.

८. पृष्ठताण: संयमाची परीक्षा

रोज सुरुवात शुद्ध पाण्याने. २५ अंशांना ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर यायला हवेत. ७० आले तर काच घाण आहे, प्लेट घाण आहे, किंवा पाणी. पुढे जाऊ नका. प्लेट पाण्याने धुवा, ज्योतीत लाल करा, थंड होऊ द्या, पुन्हा मोजा. मी एकदा पूर्ण सकाळ ७२ मिळवण्यात घालवली; दोष शेवटी पात्राच्या काठाला राहिलेल्या साबणाचा निघाला.

संहती कमी असताना पृष्ठभाग भरायला वेळ लागतो. एका मिनिटाचं रीडिंग आणि पंधरा मिनिटांचं रीडिंग यांत चांगलाच फरक असू शकतो, म्हणून सलग तीन रीडिंग जुळेपर्यंत थांबा. दुसरं असं की धन आयन काचेला आणि प्लेटला चिकटतात. प्लेट नीट ओली होत नाही आणि खोटा आकडा मिळतो. दोन रीडिंगच्या मध्ये प्लेट पुन्हा तापवणं कंटाळवाणं आहे, पण सुटका नाही.

या आलेखातून एका रेणूने पृष्ठभागावर किती जागा घेतली तेही काढता येतं. गिब्सच्या सूत्रात एक गुणक असतो: नॉनआयनिकसाठी १, साध्या आयनिकसाठी २, भरपूर मीठ असेल तर आयनिकलाही १. विरुद्ध चार्जच्या मिश्रणात तो किती घ्यावा यावर मतं वेगळी आहेत. तुम्ही कोणता घेतला ते लिहा. न लिहिता दिलेल्या जागेच्या आकड्याला अर्थ नाही, कारण गुणक बदलला की जागा दुप्पट होते.

९. पायरीन आणि डीएलएस, थोडक्यात

पायरीन हा फ्लुओरेसंट रेणू पाण्याला कंटाळून मायसेलमध्ये शिरतो, आणि त्याच्या पहिल्या व तिसऱ्या शिखराचं गुणोत्तर, म्हणजे ३७३ आणि ३८४ नॅनोमीटरचं, पाण्यातल्या सुमारे १.८ वरून १.२ च्या आसपास घसरतं. पायरीन एक मायक्रोमोलरच्या वर नेऊ नका आणि स्लिट अरुंद ठेवा, नाहीतर शिखरं एकमेकांत मिसळतात. पिरिडिनियमवाली आयनिक लिक्विड पायरीनची चमक विझवतात, तिथे ही पद्धत सोडा. तुमचा इमिडाझोलियमचा नमुना पिवळसर दिसत असेल तर त्यातली अशुद्धी स्वतःच चमकू शकते. पायरीन न घालता एक कोरं रीडिंग घेऊन ठेवा.

डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजायची पद्धत; तिच्याबद्दल एकच गणित. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १०० नॅनोमीटरचा धुळीचा एक कण ५ नॅनोमीटरच्या ६ कोटी ४० लाख मायसेलांइतका चमकतो. म्हणून द्रावण गाळा, आणि व्हेसिकल मिळाले असं जाहीर करायच्या आधी तेच शिखर नुसत्या गाळलेल्या पाण्यात येत नाही ना ते पाहा.

१०. आकडेमोड, आणि सगळ्यात जास्त पसरलेली चूक

उदाहरण हाताने करू. सी-१२-मिम ब्रोमाइडची सीएमसी १० मिलीमोलर, ट्रायटन एक्स-१०० ची ०.२५ धरा. निम्मं-निम्मं मिश्रण.

आधी आदर्श किंमत, म्हणजे दोघं एकमेकांची दखलच घेत नसतील तर काय यावं. क्लिंटचं सूत्र सांगतं: प्रत्येकाचा मोल अंश त्याच्या सीएमसीने भागा, बेरीज करा, उलटी करा. ०.५ भागिले १० म्हणजे ०.०५, ०.५ भागिले ०.२५ म्हणजे २. बेरीज २.०५, उलटी ०.४९ मिलीमोलर.

समजा, प्रयोगात ०.४० आली. आदर्शपेक्षा कमी, म्हणजे दोघांना एकमेकांची सोबत आवडली. किती आवडली हे रुबिंगच्या १९७९ च्या सूत्राने काढतात. त्यात मायसेलमधला आयनिक लिक्विडचा अंश अंदाजाने बदलत बदलत दोन बाजू जुळवायच्या असतात. शीटमधलं गोल सीक हे काम करतं. इथे अंश सुमारे ०.१५ आणि बीटा, म्हणजे दोघांमधली ओढ दाखवणारा आकडा (उणे असेल तर ओढ), सुमारे उणे २.८ येतो. जरा थांबून ०.१५ कडे बघा. बाटलीत आयनिक लिक्विड अर्धं आहे, मायसेलमध्ये मात्र शंभरात पंधरा. आणि आदर्श वागणूक असती तर ते अडीचच्याही आत राहिलं असतं. सरफॅक्टंटने आयनिक लिक्विडला आत ओढून घेतलं, ते असं दिसतं.

आता ती चूक. बीटा उणे आला की लोक लगेच 'सिनर्जिझम' लिहून मोकळे होतात. सिनर्जिझमसाठी मिश्रणाची सीएमसी दोघांपैकी प्रत्येकाच्या सीएमसीपेक्षा खाली जायला हवी. आपली ०.४० आहे आणि एकट्या ट्रायटनची ०.२५. गेली का खाली? नाही. नियम असा आहे की बीटा उणे हवाच, शिवाय चिन्ह सोडून त्याची किंमत दोन सीएमसींच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगपेक्षा मोठी हवी. इथे गुणोत्तर ४०, लॉग ३.७, आणि आपलं २.८. म्हणजे ओढ आहे, सिनर्जिझम नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न विचारणारे असतात, आणि ते हसतमुख असतात.

रुबिंगचं सूत्र आयनिक मिश्रणांना तंतोतंत लागू पडत नाही हेही लक्षात ठेवा. संहतीबरोबर पाण्यातलं मोकळ्या आयनांचं प्रमाण बदलतं आणि सूत्राला त्याची खबर नसते. वेगवेगळ्या प्रमाणांना बीटा वेगवेगळा आला तर तो लपवू नका, सरासरी काढून तर नाहीच. पूर्ण तक्ता द्या.

११. द्रावण गढूळ झालं तर

विरुद्ध चार्जची जोडी समसमान प्रमाणाजवळ आली की बहुधा गढूळ होते. म्हणून सुरुवात ९:१ किंवा १:९ ने करा आणि मधल्या भागाकडे हळूहळू सरका. आधी एक संध्याकाळ काढून दहा छोट्या बाटल्यांत दहा प्रमाणं बनवा, एकूण संहती सारखी ठेवा, एक दिवस स्थिर तापमानाला ठेवा आणि काळ्या कागदासमोर बघा. पारदर्शक, निळसर, दुधाळ, तळाशी गाळ असे चार रकाने पुरतात. या फुकटच्या तक्त्याने माझे जितके महागडे तास वाचवले तितके कुठल्याच उपकरणाने वाचवले नाहीत.

निळसर झाक असेल तर व्हेसिकलची शक्यता आहे, पुढे डीएलएस आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. तळाशी गाळ असेल तर त्या प्रमाणाची सीएमसी मोजण्यात अर्थ नाही. तिथे 'अवक्षेप' असं लिहून पुढे जा. दुधाळ असेल तर दोन दिवस वाट पाहा. काही द्रावणं दोन थरांत विभागतात, आणि वरचा थर बारीक असेल तर गडबडीत तो दिसतसुद्धा नाही.

१२. आवरताना

सेल आणि पात्रं आधी इथेनॉलने, मग पाण्याने, आणि शेवटच्या विसळणीच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी सकाळच्या रीडिंगला परत येईपर्यंत. धन सरफॅक्टंट काचेला हट्टाने चिकटतात. दोनदा विसळून जात नाहीत. एसडीएस आणि इमिडाझोलियम यांची पात्रं शक्य असेल तर वेगळीच ठेवा.

उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. आयनिक लिक्विडची वाफ जवळजवळ होत नाही म्हणून त्यांना 'हिरवी' म्हणतात, पण लांब शेपटीची इमिडाझोलियम पाण्यातल्या जिवांना विषारी आहेत, आणि शेपटी वाढेल तसं विष वाढतं. वेगळा कॅन ठेवा आणि त्यावर लिहा: आयनिक लिक्विडचं नाव, सरफॅक्टंटचं नाव, तारीख. कॅनमध्येही दोन विरुद्ध चार्ज भेटले की गाळ धरतो आणि तोंडाशी घट्ट गोळा बसतो, म्हणून धन आणि ऋण यांचे कॅन वेगळे.